हैदराबादचा कान, फलटणचा हात

१९६१ साली अमेरिकेहून एक तरुण शिक्षिका हैदराबादला आली आणि जांबागेतल्या विवेक वर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागली. निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूतून चालत असताना केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी मुलांसाठी उभी केलेली ही संस्था. मॅक्सीन बर्नसन तिथे दोन वर्षं होत्या. पुढे भाषाविज्ञानाकडे वळल्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला त्या सातारा जिल्ह्यात आल्या आणि फलटणच्याच झाल्या. भारताचं नागरिकत्व घेतलं, जाई निंबकरांच्या जोडीने मराठीचं व्याकरण आणि कोश केला, प्रगत शिक्षण संस्था काढली, कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. आणि उतारवयात पुन्हा हैदराबाद गाठलं. या वेळी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘टिस’च्या, हैदराबाद केंद्रात मानद प्राध्यापक म्हणून, आणि विषय एकच: लहान मूल वाचायला कसं शिकतं?

हैदराबादचं नाव काढलं की आज डोळ्यांसमोर हायटेक सिटी येते, गच्चीबावलीच्या काचेच्या इमारती येतात. लहान मुलांना वाचायला शिकवण्याचा प्रश्नही या शहरात दोन टोकांनी हाताळला गेला आहे. एका टोकाला मुलाचं वाचन ऐकणारं यंत्र. दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची अक्षरकार्डं, खडू, गोष्टींची पुस्तकं आणि मुलांशी बोलणारी बाई. दोन्हीकडची माणसं एकमेकांना फारशी भेटलेली दिसत नाहीत. पण शाळेच्या वर्गात त्यांची कामं येऊन मिळतात, आणि तिथे काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

आधी अडचण काय आहे ते पाहू. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झाली. म्हणजे घसरण भरून निघाली, पण मुळातच चारांतलं एक मूल वाचत होतं, तिथेच आपण परत पोचलो. दोष शाळेचा, गरिबीचा, मोबाइलचा, असं म्हणून मोकळं होता येतं. पण एक अडचण खुद्द लिपीत आहे, आणि तिच्याकडे इंग्रजीवर बेतलेल्या वाचनशास्त्राचं फार उशिरा लक्ष गेलं.

मराठीची व्यंजनं चौतीस. प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशे आठ रूपं, जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू मागून येते. ‘र’ तर बहुरूपीच: अर्क, चक्र, राष्ट्र, वाऱ्याची झुळूक, चार ठिकाणी चार सोंगं. तेलुगूत अक्षराच्या डोक्यावर तलकट्टू, पोटाखाली वत्तू. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं की अशा लिपीचा अक्षरसंच पुरता हाती यायला प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं जातात. इंग्रजी मूल सव्वीस अक्षरं पहिल्याच वर्षी ओळखतं आणि मग त्यांच्या विचित्र उच्चारांशी झगडतं. आपल्या मुलाला उच्चारांचा त्रास कमी, पण चिन्हांचा डोंगर मोठा.

या डोंगराला आपण परंपरेने एकच वाट काढली: आधी अख्खी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि एवढं सगळं पाठ झाल्यावर वाचन. मुलाला पहिलं अर्थपूर्ण वाक्य वाचायला मिळेपर्यंत वर्ष सरतं. ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्याला हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय हेच कळत नाही.

फलटणला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्नसनबाईंनी वस्तीतल्या, शाळेत न टिकणाऱ्या मुलांना घेऊन वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर नेमकी हीच मुलं होती. तिथून जी रीत घडत गेली तिचं सूत्र सोपं आहे. अक्षरं थोडी घ्यायची, पण त्यांच्याबरोबर काना-मात्रा लगेच द्यायची आणि त्याच दिवशी शब्द करायचे. क, न, ल, म आणि एक काना एवढंच घेऊन पाहा: काका, मामा, नाक, कान, लाल, काम, कमान. ‘नाना, नाक लाल का?’ हे वाक्यसुद्धा होतं. पहिलीतलं मूल दुसऱ्या आठवड्यात हे वाचून खिदळतं. हसलं म्हणजे त्याला कळलं, यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची परीक्षा मला माहीत नाही.

या रीतीत हाताला काम आहे. कार्ड उचलायचं, शेजारी कान्याचं कार्ड ठेवायचं, ‘नक’चं ‘नाक’ झालं की मोठ्याने म्हणायचं, काना उचलून पुढे सरकवला की ‘नका’. मात्रा ही अक्षराला लागणारी सुटी वस्तू आहे, एकदा ती कळली की चौतीस अक्षरांना लावता येते, हे बाराखडीचा तक्ता घोकून कळायला महिने लागतात आणि बोटांना एका दुपारी कळतं. बालभवनला ज्यांचं नाव आहे त्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं, म्हणजे हातांना काम देऊन माणूस उभा करण्याच्या विद्येचं, देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं होतं. योगायोग म्हणा, पण शोभणारा आहे.

हात वापरून शिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होतीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला माँटेसरीच्या महागड्या साहित्याच्या जागी खडे, शंख-शिंपले, पानं, बिया आणल्या आणि अंगणवाडी पाड्यावर नेली. तरी इथे एक सावधगिरी हवी. ‘कृतियुक्त शिक्षण’ या नावाखाली आपल्या शाळांत तासन् तास ‘क’च्या आखीव रेघेवर चिंचोके चिकटवले जातात. त्यातून मूल चिकटवायला शिकतं. इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचू न लागलेल्या, पाचेक वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे अक्षरं दिली: काही त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळ दाबून टंकित केली. नंतर मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग जागा झाला तो स्वतःच्या हाताने काढलेली अक्षरं पाहताना. गिरवणं आणि टंकणं दोन्ही मागे पडली.

टॅब्लेटवर ठिपक्यांच्या वाटेने बोट फिरवलं की टाळ्या वाजवणारी जी ॲप्स आहेत, त्यांना हा निष्कर्ष लागू पडतो आणि चिंचोक्यांनाही पडतो. माती चांगली आणि काच वाईट, अशी ही वाटणी नव्हे. मूल काही घडवतंय की दुसऱ्याने आखलेल्या रेघेमागून चाललंय, एवढंच पाहावं. वाकडातिकडा ‘क’ काढताना त्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की गाठ कुठे, दांडी कुठे. त्या ठरवण्यात शिकणं असतं.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाकडे.

मुलाचं वाचन ऐकणाऱ्या यंत्राच्या कुळाचा एक धागा हैदराबादशी जोडलेला आहे. आंध्रातल्या काटूर गावात जन्मलेल्या राज रेड्डींनी माणसाचं बोलणं यंत्राला ओळखायला शिकवण्यात हयात घालवली. १९९४चं ट्यूरिंग पारितोषिक त्यांना विभागून मिळालं, आणि १९९८ मध्ये हैदराबादेत आयआयआयटी ही माहिती-तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली तिच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. त्याआधी १९७९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटचे ते संस्थापक संचालक होते. त्याच विद्यापीठात नव्वदच्या दशकात जॅक मोस्टो यांनी ‘प्रोजेक्ट लिसन’ चालवला. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं, अडखळलं की मदत करतं. या प्रकल्पातली एक समजूत आजही मोलाची आहे. यंत्राचा कान चुकतो हे धरूनच त्याची वागणूक ठरवली होती. ‘चुकलास’ असं ठणकावण्यापेक्षा शब्द वाचून दाखवणं, तुकडे पाडून देणं, यमक सुचवणं, अशी चांगल्या शिक्षकांच्या निरीक्षणातून उचललेली मदत ते करत असे.

गुगलचं ‘बोलो’ मार्च २०१९ मध्ये भारतात आलं ते याच जातीचं. दिया नावाची चित्रातली मुलगी ऐकते, अडलेला शब्द बोलून दाखवते, नीट वाचलं की शाबासकी देते, आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालते. पुढच्या वर्षी ते ‘रीड अलाँग’ या नावाने जगभर गेलं तेव्हा नऊ भाषांत मराठी आणि तेलुगूही होत्या. त्यातल्या गोष्टींत ‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांबरोबर छोटा भीमही आला. तो तर हैदराबादचाच, ग्रीन गोल्ड ॲनिमेशनच्या स्टुडिओत जन्मलेला. उत्तर प्रदेशातल्या सुमारे दोनशे गावांत आधी चाचणी घेतली होती आणि तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारल्याचं कंपनीने जाहीर केलं. आकडा चांगला आहे. मात्र सुधारणा म्हणजे किती आणि ॲपशिवाय त्याच तीन महिन्यांत ती किती झाली असती, हे एकट्या या आकड्यावरून कळत नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने ‘तारा’ नावाची प्रणाली केली आहे. मुलाने वाचलेला उतारा ध्वनिमुद्रित करायचा आणि वेग, अचूकपणा, वाचण्यातला चढउतार यंत्राने मोजायचा. ती केंद्रीय विद्यालयांनी वापरायला घेतली. आणि तेलंगणाने २०२५च्या सुरुवातीला एकस्टेप फाउंडेशनच्या मदतीने काही जिल्ह्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांत, तिसरी ते पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी, संगणकावर तेलुगू वाचन आणि गणिताचा सराव सुरू केला. थोडी थोडी मुलं थोडी थोडी मिनिटं बसतात, यंत्र प्रत्येकाची पायरी ओळखून पुढचा मजकूर देतं. त्याआधी १५ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ‘तोलिमेट्टु’, म्हणजे पहिली पायरी, हा पायाभूत वाचन-गणिताचा कार्यक्रम पहिली ते पाचवीत चालू होताच. त्याच वर्षी सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणि द्विभाषिक पाठ्यपुस्तकंही आली. हैदराबादच्या सहा वर्षांच्या पोराच्या उघड्या पुस्तकात एका पानावर तेलुगू आणि समोरच्या पानावर इंग्रजी. त्याच्या गल्लीत कदाचित दखनी आणि घरात कानडी किंवा मराठी.

अशा वर्गात ऐकणारं यंत्र काय देऊ शकतं? सर्वांत आधी वेळ. चाळीस मुलांची बाई दिवसभरात किती जणांचं वाचन ऐकेल? तिने प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी ऐंशी मिनिटं गेली. यंत्र कंटाळत नाही. एकच गोष्ट चौदाव्यांदा ऐकून घेतं आणि लाजरं मूल त्याच्यासमोर लाजत नाही. या गोष्टी लहान नाहीत. ज्या घरात मुलाचं वाचन ऐकायला वाचता येणारं कुणी नाही, तिथे तर ती मोठी सोय आहे.

पण कान कुणाचा, यावर बरंच ठरतं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडचं वारली मूल ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हणालं, तर ते चुकलं का? त्याने चिन्हं नीट उकलली, अर्थ पकडला आणि आपल्या बोलीत उच्चारला. चांगली शिक्षिका मान डोलावेल आणि पुढे जाईल. पुस्तकी उच्चारांवर घडवलेलं यंत्र कदाचित तोच शब्द पुन्हा वाचायला लावील, आणि तीनचार वेळा असं झालं की मूल हिरमुसेल. उलट एखादं मूल ‘क... म... ळ’ असं सुटं म्हणून ‘कमळ’ जुळवतं तेव्हा त्याला फूल डोळ्यांपुढे दिसलं की नुसते आवाज जोडले, हे कानाला कळत नाही. लहान मुलांचे आवाज चिरके असतात, वर्गात गलका असतो, शेजारचा मुलगा उत्तर सांगत असतो.

मग येतो मिनिटाला शब्दांचा हिशेब. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला निदान साठ शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं. मला हा साठचा आकडा पहिल्यापासून खटकतो. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे पाचसहा होतील. तेलुगूत तर याहून लांब शब्दांची रेलचेल. एनसीईआरटीने मार्च २०२२ मध्ये सुमारे ८६ हजार तिसरीच्या मुलांची वीस भाषांत पाहणी केली आणि भाषागणिक वेगळे निकष ठरवले ते बरं झालं. पण शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो तो साठच. आणि यंत्राला मोजायला सर्वांत सोपं तेच असल्यामुळे बाईंच्या वहीतही तेच उतरतं. मूल धापा टाकत वाचतं, आणि ‘गोष्टीत काय झालं?’ म्हटलं की पुन्हा पानाकडे बघतं.

याच ठिकाणी हैदराबादच्या ‘टिस’मधलं काम आठवतं. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरला कन्नड वाचायला शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा पाठपुरावा केला. ‘लिरिल’ या नावाने तो अभ्यास २०१७ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने प्रसिद्ध केला. एव्हाना मेनन ‘टिस’च्या हैदराबाद केंद्रात आल्या होत्या आणि टाटा ट्रस्टच्या पाठबळावर ‘अर्ली लिटरसी इनिशिएटिव्ह’ उभा राहिला होता. अभ्यासात जे दिसलं ते वर्गात बसलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. मुळाक्षरं कशीबशी येतात, स्वरचिन्हांपाशी गाडी अडते. लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवून काढणं. आकलन म्हणजे बाईंच्या मागून उत्तर म्हणणं. मुलाच्या घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर चपलांजवळ राहते.

त्यावर या मंडळींनी जो मार्ग धरला त्यात शब्द जोडण्या-तोडण्याचं काम एका बाजूला, आणि त्याच दिवशी त्याच्या जोडीने गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं, भरपूर गप्पा आणि मुलाचं स्वतःचं लिहिणं, मग ते चित्र असो, रेघोट्या असोत की चुकीच्या शुद्धलेखनाचं एक वाक्य. शिक्षकांसाठीचा त्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम इंटरनेटवरून आणि प्रत्यक्ष भेटींतून चालला. म्हणजे तंत्रज्ञान होतंच, पण ते मोठ्यांच्या शिकण्यासाठी. मला ही वाटणी फार शहाणी वाटते. वाड्याजवळच्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेत नीलेश निमकर आणि सहकारी २००७ पासून हेच काम मराठीत करत आहेत. तिथला ‘गोष्टरंग’ हा उपक्रम तर तरुण नटांना घेऊन मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी थेट शाळेत रंगवून दाखवतो. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी त्यात आघाडीवर आहेत. नाटक पाहिलं की तेच पुस्तक मुलाच्या हाती येतं. गोष्ट ठाऊक असलेलं पुस्तक वाचायला मूल किती धाडस करतं, ते पाहिलंच पाहिजे.

नुसतं यंत्र हाती देऊन काय होतं याचा अनुभव जगाने घेतला आहे. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेची भारतातली पहिली चाचणी २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात गावात झाली होती. त्याच योजनेचं मोठं मूल्यमापन पेरू देशात झालं, आणि भाषा व गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सरावाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी केला, तिथे साडेचार महिन्यांत हिंदी आणि गणित दोन्हींत ठळक प्रगती दिसली. मुलं मोठी, मुख्यतः सहावी आणि पुढची होती हे खरं. पण त्या केंद्रांतल्या दीड तासापैकी पाऊण तास संगणक आणि पाऊण तास लहान गटात माणसाने शिकवणं, अशी विभागणी होती. बातम्यांतून ती दुसरी बाजू बहुधा गळते.

केंद्र सरकारचा ‘जादुई पिटारा’ २० फेब्रुवारी २०२३ला निघाला: खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं, गोष्टी. नंतर त्याचं मोबाइलवरचं भावंडही आलं, त्यात पालकांना आणि शिक्षकांना उत्तरं देणारे बोलके सहायक आहेत. कल्पना उत्तम. भीती एवढीच की हरवेल, फाटेल, तपासणीला दाखवावं लागेल म्हणून पिटारा कपाटात राहील आणि मोबाइलवरचं भावंड तेवढं बाहेर खेळेल. कार्ड फाटणं हा शिकण्याचा खर्च आहे, असं कुणीतरी अधिकाऱ्याने लेखी द्यायला हवं.

तेलंगणाच्या उत्तरेला आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. पैनगंगेच्या अलीकडे तेलुगू राज्य आणि वर्गात मराठी पुस्तक. त्या पट्ट्यातल्या कित्येक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा कोलामी. मराठी आणि तेलुगू ऐकणारी यंत्रं आता आहेत. कोलामी मुलाचं मराठी वाचन समजून घेणारं यंत्र हवं तर आधी त्या मुलांचे आवाज गोळा करावे लागतील, आणि प्रत्येक आवाजापुढे ‘हे चुकलं नाही, हे त्याच्या बोलीतलं आहे’ असं नोंदवणारं जाणतं माणूस बसवावं लागेल. ते माणूस बहुधा त्या शाळेतली बाईच असेल. आयआयआयटीच्या प्रयोगशाळेतून तिथे मोटारीने पोचायला सहासात तास लागतात.